वाचून दाखवणारी

दीप्ती रंगारी इंग्रजीत एम.ए. झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या एम.ए.चं काय झालं ते कोणी विचारलं नाही. गोंदियातल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. जूनमध्ये बोलावणं यायचं, मार्चमध्ये थांबायचं. उरलेल्या दिवसांत ती दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेई आणि आईबरोबर तांदूळ निवडत बसे.

१९९९ च्या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिचे वडील भोजराज बाजारातून आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाले, "तुले नवगावकर गार्डसाहेब ठाऊक आहेत काय?"

"नाही."

"रेल्वेत होते, छोट्या लाईनवर. त्याईले आता डोळ्यानं दिसून नाही राहिलं. इंग्लिश पुस्तक वाचून दाखवणारं माणूस पाहिजे म्हणतात. तू जाऊन पाह्य एकडाव."

भोजराज रेल्वेत गँगमन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. साहेब लोकांबद्दल ते सहसा चांगलं बोलत नसत, म्हणून दीप्तीने आश्चर्याने पाहिलं. ते म्हणाले, "बाकीचे गार्ड आमाले वरून ओंजळीत पाणी ओतत. हा माणूस आपला पेला हातात देत होता. इतकंच मले ठाऊक आहे."

रूबेन मोझेस नवगावकर रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्यांत एकटे राहत. गोंदियात सगळे त्यांना जवळच्या नवेगाव बांधचे समजत. ते मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. चौकटीला उजव्या बाजूला प्रार्थनेची गुंडाळी आत असलेली पितळेची एक बोटभर नळी तिरकी ठोकली होती. आत-बाहेर करताना ते तिला बोटं लावून ओठांना लावत. दीप्ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "भोजराजची मुलगी ना? शनिवारी यायचं नाही. बाकी कोणताही दिवस चालेल."

"शनिवारी काय असतं, साहेब?"

"काही नसतं. तेच तर असतं." ते हसले. "आमचे आजे-पणजे कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद. गाव म्हणायचं, शनवार तेली. तेवढीच आमची ओळख होती."

टेबलावर पाच पुस्तकं होती. सगळी कादंबऱ्या, सगळ्या मूळ हिब्रूतल्या, इंग्रजीत आणलेल्या. मुलीने इस्राएलहून पाठवलेल्या. मुलीचं नाव रिबका. १९७९ मध्ये ती आणि तिची आई तिकडे गेल्या. साहेबांची नोकरी शिल्लक होती म्हणून ते मागे राहिले. निवृत्तीनंतर ते जाणार होते, पण कागद अडकले. मग १९८८ मध्ये बायको तिकडेच वारली आणि जाण्याचं राहूनच गेलं. त्यांनी हे सगळं गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

"माझं हिब्रू प्रार्थनेपुरतं," ते म्हणाले. "कादंबरीचं हिब्रू मला कळणार नाही, हे रिबकाला माहीत आहे. म्हणून इंग्रजी पाठवते. ती कुठे राहते, कशी राहते ते मला यातून कळतं. पहिली दोन मी स्वतः वाचली. मग डोळे गेले."

असं वाचन सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चारला. दीप्ती कॉलेजात इंग्रज लोकांच्या कादंबऱ्या शिकली होती; धुकं, बग्ग्या, चहाच्या टेबलावरची भांडणं. इथे ऊन होतं, धूळ होती, पाण्यासाठी पाइप टाकणारी माणसं होती, आणि एकमेकांशी तोडून बोलणारी घरं. तिला ते लोक ओळखीचे वाटले. तिच्या आईसारखेच ते प्रेम असलं तरी रागावून बोलत.

साहेब मध्येच हात वर करत. "थांब. हे वाक्य परत वाच." ती वाचायची. "इथे इंग्रजीत 'मी आहे' असं आहे ना? खाली हिब्रूत 'हिनेनी' असणार. देवाने हाक मारली की माणूस तो शब्द म्हणतो. मराठीत काय म्हणशील?"

दीप्तीने विचार केला. "हजर."

"हजर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाळेतला. बरोबर. इंग्रजाला नाही जमलं ते."

त्या दिवसापासून ती वहीत असे शब्द लिहून ठेवू लागली. डावीकडे इंग्रजी, मध्ये साहेबांनी ओळखलेलं हिब्रू, उजवीकडे मराठी. कधी कधी उजवीकडे प्रमाण मराठी शब्द चपखल बसत नसे, आणि तिला आईच्या तोंडचा शब्द लिहावा लागे. ती साहेबांना 'काका' म्हणू लागली ते केव्हा, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात नवीन पार्सल आलं. त्यातली जाड कादंबरी म्हणजे एका बेकरीवाल्याच्या मुलीची गोष्ट होती. तिचा बाप दुसऱ्या गावात राहतो, तासाभराच्या अंतरावर, आणि कधीच येत नाही. दीप्तीने चाळीसावं पान उलटलं आणि थबकली. पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एका वाक्याखाली दोनदा ओढलेली रेघ होती. वाक्य असं होतं: जो माणूस येत नाही त्याला कारण लागतं, येणाऱ्याला लागत नाही.

समोर काका डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते. दीप्तीने ते वाक्य गाळलं आणि पुढचं वाचलं.

पुढच्या पानांवर आणखी रेघा होत्या. मुलगी दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची जास्त मांडते, आणि एका शुक्रवारी मांडत नाही, तिथे समासात उभी रेघ होती. आई मरताना बापाचं नाव घेत नाही, तिथे रेघ इतकी दाबून मारली होती की मागच्या पानावर उमटली होती. रिबकाला बापाला जे सांगता आलं नाही ते तिने असं सांगितलंय, हे दीप्तीला स्पष्ट दिसत होतं. आणि ते सांगणं पोचवायचं तर तिच्या तोंडून जाणार होतं. ती रेघ आली की नजर खाली घसरवायची. तिला घरी गेल्यावर जेवण जात नसे. आई रुक्माबाई म्हणाली, "काऊन अशी बसून राहिली? त्या साहेबानं काही म्हटलं काय?"

"नाही, आई. मीच नाही म्हणून राहिली."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिने पान उलटलं तसे काका म्हणाले, "हे पान लवकर संपलं."

"लहान होतं."

"दीप्ती, एका पानाला तुला साडेतीन मिनिटं लागतात. संवाद असले तर तीन. मी तीस वर्षं खांब मोजून गाडीचा वेग सांगत आलो. गेल्या आठवड्यापासून काही पानं दोन मिनिटांत होतायत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "काय गाळतेस?"

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. तिने सगळं सांगितलं. रेघा, दाब, समासातली खूण.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

काकांनी दाराकडे मान वळवली. बाहेर कोणीतरी हँडपंप मारत होतं. मग म्हणाले, "मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात बसतो. पुढे काय झालं ते त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. पण कळावंच लागतं, पोरी. चाळीसाव्या पानापासून परत वाच. रेघ आली की सांग."

तिने वाचलं. प्रत्येक वेळी आधी "रेघ" म्हणाली आणि मग वाक्य वाचलं. मरणाऱ्या आईच्या पानाशी ती थांबली तर त्यांनी हातानेच पुढे जायला सांगितलं. शेवटी त्यांचा चेहरा धुतल्यासारखा कोरा झाला होता.

दोन दिवसांनी त्यांनी कागद घ्यायला सांगितला. रिबकाला मराठी वाचता येत होती. पत्र मराठीतच लिहायचं होतं.

"लिही," ते म्हणाले. "रिबका, कागद अडकले नव्हते."

दीप्तीचं पेन थांबलं.

"लिही. कागद १९८५ मध्येच आले होते. मी तिकीट काढून मुंबईला गेलो. तिथे आमचा चुलतभाऊ भेटला, रजेवर आलेला. इकडे तो हेडक्लार्क होता. तिकडे बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या वेगळ्या करत होता. मला म्हणाला, रूबेन, तिथे कोणी विचारत नाही तू कोण होतास. मी ते रात्रंदिवस ऐकत राहिलो. इथे मी झेंडी दाखवली की गाडी सुटायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पुन्हा कोणी नसलेला माणूस व्हायचं नव्हतं. मी परत गोंदियाची गाडी धरली आणि तुम्हाला लिहिलं की कागद अडकले. तुझी आई तीन वर्षं वाट बघत राहिली. मी भ्यालो होतो. दुसरं काही कारण नव्हतं. पुस्तकातल्या तुझ्या रेघा मला पोचल्या."

खाली सही करताना त्यांनी बोट ठेवून जागा विचारली. अक्षरं ओळीबाहेर गेली.

पत्र गेलं. एक महिना गेला, दुसरा गेला. काका वाचन नको म्हणत. दीप्ती तरीही चारला जाई, दोघं चहा घेत, ती वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या सांगे आणि निघे. तिला राहून राहून वाटे की हे सगळं आपण घडवलं. गाळलं नसतं तर? किंवा नीट गाळलं असतं तर?

श्रावण संपता संपता उत्तर आलं. रिबकाचं मराठी अक्षर शाळकरी मुलीचं होतं, एकवीस वर्षांची असताना जिथे थांबलं तिथेच राहिलेलं. दीप्तीने पत्र उघडलं, आधी मनात वाचायला सुरुवात केली आणि मग स्वतःला आवरलं. ती मोठ्याने वाचू लागली.

"पप्पा, तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं आणि मग भांडी घासायला घेतली. आई शेवटपर्यंत म्हणायची, त्यांचे कागद येतील. तिला खरं माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. मला राग आला आहे की नाही तेही अजून कळलेलं नाही. पण पुस्तकातल्या रेघांबद्दल तुम्ही लिहिलंय..."

दीप्तीची नजर पुढच्या ओळीवर गेली होती. पण आता काही गाळायचं नाही, असं ठरलं होतं. तिने वाचलं.

"...त्या रेघा माझ्या नाहीत. मी ती पुस्तकं जुन्या बाजारातून घेते. कोणाची होती मला ठाऊक नाही. मी त्यातलं एकही वाचलेलं नाही. मी हॉस्पिटलच्या धोबीखात्यात काम करते, घरी आल्यावर हात वर होत नाहीत. तुम्हाला इंग्रजी वाचायला आवडायचं एवढंच मला आठवत होतं, म्हणून पाठवत होते."

काकांच्या छातीतून एक आवाज निघाला. दीप्तीला आधी वाटलं ते रडतायत, पण ते हसत होते, आणि हसता हसता खरंच रडू लागले. तिने पाणी दिलं. ते म्हणाले, "परक्या माणसाच्या पेन्सिलीनं मला पकडलं." थोड्या वेळाने म्हणाले, "बरं झालं. नाहीतर मी तसाच गेलो असतो. पुढे वाच."

पुढे एकच परिच्छेद होता. "आणि पप्पा, पुस्तकातल्या माणसांसारखे आम्ही राहतो असं समजू नका. आमच्या वस्तीत कोकणातले, मोरोक्कोचे, जॉर्जियाचे लोक आहेत. आमच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात आमच्यातली बाई आली तर ती जिना पुसून निघून जाते. मी कशी राहते ते हवं असेल तर मीच लिहीन."

ती वाक्यं दीप्तीने घरी जाताना सायकलवर मनात म्हटली. जिना पुसून निघून जाते. तिला वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांतल्या अशा बाया एकदम आठवू लागल्या. कोणी चहा ठेवून गेली होती, कोणी दार उघडून बाजूला झाली होती. वाचताना तिने स्वतः त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि ती तर आयुष्यभर हेच विचारत आली होती की पुस्तकांत आपली माणसं कुठे आहेत.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला गिरणीतून पातळ पोहे आणायला सांगितले. गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं. त्यांनी स्वतः चाचपडत देवाचे आभार मानायचा मलिदा कालवला, डोक्यावर टोपी ठेवून काहीतरी गायलं आणि भोजराज-रुक्माबाईंनाही बोलावलं. रुक्माबाईंनी घास घेऊन विचारलं, "कायले केलं हे, साहेब?"

"मुलीचं पत्र आलं म्हणून."

"शिव्या दिल्या काय तिनं?"

"अजून नाही. देईल."

चार वर्षं रिबकाची पत्रं येत राहिली. गॅलरीतलं वाळत घातलेलं, धोबीखात्यातली वाफ, मुलगा योनातान ट्रक चालवायला शिकला, शेजारणीशी भांडण, रीतीप्रमाणे आईच्या कबरीवर तिने ठेवलेला दगड. १९८५ बद्दल तिने एकदाच लिहिलं, एक ओळ: "तुम्ही आला असतात तर मी तुम्हाला बाटल्यांच्या कारखान्यात जाऊ दिलं नसतं." ती ओळ काकांनी दीप्तीला सात-आठ वेळा वाचायला लावली. एरवी पत्रं आधी, कादंबरी नंतर, असा क्रम पडला होता. कादंबऱ्या ते आता वेगळ्या कानाने ऐकत. जिना पुसणारी आली की म्हणत, "हिला थांबव जरा."

२००५ च्या ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला दार उघडलं गेलं नाही. दीप्ती पोचली तेव्हा भोजराजांनी दार काढलं होतं. काका पलंगावर कुशीला होते, झोपेतच गेले होते.

तिने एसटीडी बूथवरून रिबकाला फोन लावला. दोघी त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. पलीकडून जुन्या वळणाची मराठी ऐकू आली: "थांबू नका. मी पोचणार नाही. सूर्य मावळला की शनिवार लागेल, त्याआधी माती द्या."

"कुठे? इथे तुमचं कोणी नाही. प्रार्थना कोण म्हणेल?"

"आमच्यातले दहा पुरुष लागतात. तिथे नाहीत. त्यांच्या उशाशी एक लहान पुस्तक असेल, मराठीत अर्थ असलेलं. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं."

गोंदियात ज्यूंचं कब्रस्तान नव्हतं. चर्चच्या फादरनी आपल्या कब्रस्तानाच्या कुंपणालगतची जागा दिली आणि काही विचारलं नाही. भोजराज आणि त्यांच्याबरोबरचे पाच म्हातारे गँगमन पावसाने फुगलेल्या मातीत उतरले. ज्या माणसांनी आयुष्यभर रुळाखालची खडी सारखी केली त्यांनी खड्ड्याच्या कडा फूटपट्टीने मापल्यासारख्या सरळ काढल्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह सहा वाजायच्या आत खाली गेला. मग सगळे दीप्तीकडे पाहू लागले. तिने ते पिवळं पडलेलं पुस्तक उघडलं आणि वाचलं, आधी देवनागरीत छापलेलं हिब्रू, अडखळत, आणि मग मराठी अर्थ. तिने एकही ओळ गाळली नाही. म्हाताऱ्यांनी शेवटी काय म्हणायचं ते न कळून "जय भीम" म्हटलं, आणि एक एक मूठ माती टाकली.

पुढच्या थंडीत रिबका आली. जाडसर, पांढऱ्या केसांची, हात लाल आणि सुरकुतलेले. ती हॉटेलात उतरली नाही, रंगाऱ्यांकडे चार दिवस राहिली, रुक्माबाईंबरोबर चुलीपाशी बसली. कबरीवर दगड बसला तेव्हा ती रडली नाही. परतताना मात्र दीप्तीला म्हणाली, "तू जे चार दिवस गाळलंस ते मी असते तरी गाळलं असतं. पण शेवटपर्यंत गाळलं असतं तर मला कळलं नसतं, पप्पा भ्याले होते. मला वाटत होतं त्यांना आम्ही नको होतो."

दीप्तीने पुस्तकांची पेटी पुढे केली. रिबकाने नुसता हात फिरवला. "ठेव. मला वाचायचं नाही."

त्याच वर्षी दीप्तीने पीएच.डी.साठी अर्ज केला. विषय: इंग्रजी अनुवादातलं आधुनिक हिब्रू कथासाहित्य आणि त्यातली क्षणभर येऊन जाणारी माणसं. पहिल्या मार्गदर्शकांनी कागद परत केला. "मॅडम, भंडारा-गोंदियात हे कोण वाचणार? आपलं काही घ्या." ती म्हणाली, "सर, हे आपलंच आहे," आणि दुसरे मार्गदर्शक शोधायला तिला दीड वर्ष लागलं. दरम्यान जूनची बोलावणी कधी आली, कधी नाही आली. लग्नाची दोन स्थळं या 'परदेशी नादा'पायी फिसकटली; तिसऱ्याला तिनेच नाही म्हटलं. रुक्माबाई शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती त्यांना संध्याकाळी त्या कादंबऱ्या घरच्या झाडीबोलीत सांगे. बेकरीवाल्याच्या मुलीची गोष्ट ऐकून रुक्माबाई म्हणाल्या, "बाप आला काय मंग?" "नाही, आई." "नालायक," रुक्माबाई म्हणाल्या आणि कूस बदलली.

२०१२ मध्ये नागपुरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक सभ्य होते. त्यांनी प्रबंध बंद करून विचारलं, "तुम्हाला हिब्रू येत नाही. अनुवादावर विसंबून इतकी मोठी विधानं करता. मूळ लेखकाने काय म्हटलं ते तुम्हाला कसं कळणार?"

दीप्ती म्हणाली, "नाही कळणार, सर. इंग्रजीतून जेवढं आलं तेवढंच मला कळतं. पण ज्या बाईला लेखकाने अर्धं पान दिलं, तिला अनुवादकानेही अर्धंच पान दिलंय. ते मोजायला हिब्रू लागत नाही."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मागे बसलेली दोन-तीन पोरं टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात होती.

संध्याकाळच्या गाडीने ती गोंदियाला उतरली. भोजराज फलाटावर काठी टेकून उभे होते. "झालं काय?"

"झालं, बाबा."

"डॉक्टर झाली?"

"हो."

भोजराजांनी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही. दोघं जिना चढून पुलावर आले. "मंग आता पक्की नोकरी लागंल?"

"ठाऊक नाही. उद्या अकराचा तास आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्या चालीने चालू लागली.